पालथी वाटी

मित्रांनो, मी लोकरीचा एक जुना नमदा आहे. पण माझ्यावर कधी कुणी बसलं नाही, झोपलं नाही, की माझ्यावर पाहुण्यांची पंगत उठली नाही. मी अंथरायचा नमदा नव्हे, बोलायचा नमदा. आता माझी एक कड कसरीनं खाल्ली आहे, लाल रंग विटून जांभळट झाला आहे आणि चार कोपऱ्यांना चार भोकं आहेत. कसरीचं मला फारसं दुःख नाही. लोकर म्हटली की कसर आलीच. ती चार भोकं मात्र खिळ्यांची आहेत. ती कशी पडली, तेवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म नारीन नदीच्या बाजूला, डोंगरातल्या एका गावात झाला. मेंढ्या उन्हाळी कुरणांवरून खाली उतरल्या की त्यांची शरदातली कातरणी होते. ती लोकर आखूड आणि चिवट असते. नमद्याला तीच लागते. अनारबूबू आपांच्या अंगणात पाचसहा बायका जमल्या, विलो झाडाच्या छड्यांनी त्यांनी लोकर पिंजून पिंजून ढगासारखी केली, वेताच्या चटईवर पसरली, वर उकळतं पाणी ओतलं, गुंडाळी केली, दोरानं आवळली आणि मग गाणी म्हणत म्हणत तिला अंगणभर लाथा घातल्या. म्हणजे मी कातलेला नाही, विणलेला नाही; बडवलेला, भाजलेला आणि लाथाडलेला आहे. अशा जन्माच्या वस्तूला पुढं कशाचंच काही वाटू नये. पण वाटतं.

अनारबूबू आपांना सगळं गावच आपा म्हणत असे. त्यांच्या नमद्यांना मान होता आणि त्यांच्या जिभेला त्याहून जास्त. त्यांची नात सेझिम. तिला जन्माला यायला फार वेळ लागला आणि त्या वेळात तिला श्वास पुरला नाही. म्हणून तिचे पाय उभे राहत नाहीत, हातांच्या मुठी वळलेल्याच राहतात, कितीही कुरवाळल्या तरी उघडत नाहीत. आणि डोक्यातले शब्द जिभेपर्यंत येत नाहीत. डोक्यात मात्र ते सगळे असतात, ही गोष्ट तेव्हा दोघींनाच माहीत होती. आपांना आणि चिनारा एजेंना.

चिनारा एजे म्हणजे तिच्या वर्गाच्या बाई. वयानं लहान, आवाजानं त्याहून लहान. शहरात जाऊन त्या एक प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि येताना चित्रांची पाकिटं घेऊन आल्या होत्या. मुलानं चित्र दाखवायचं, आपण ओळखायचं, अशी ती रीत. रीत चांगली होती. चित्रं कागदाची होती. सेझिमच्या लाळेनं ती भिजली, वर्गाचं दार उघडलं की वाऱ्यानं उडाली, आणि मिटलेल्या मुठीला कागद उचलता येईना. एक दिवस एजे ती उरलीसुरली चित्रं घेऊन आपांकडे आल्या.

आपांनी एक चित्र लांब धरून पाहिलं. "हे काय गं? दूध तापवायचं भांडं?"

"आपा, तो संडास आहे. शहरातला."

"अगंबाई! बसतात कुठं?"

एजे हसू दाबत राहिल्या. आपांनी चित्र बाजूला ठेवलं. "आपल्या शाळेचा संडास अंगणापलीकडे. त्याचं दार तिरकं. हे भांडं दाखवून माझं शिंगरू जाणार कुठं? कागद ठेव तुझ्यापाशी. मी नमदा करते. मूठ आपटली तरी चालेल, लाळ गळली तरी चालेल. लोकरीनं पाऊस सोसलाय, पोरीची लाळ काय!"

असा मी झालो, मित्रांनो. निळी जमीन, लाल किनार, आणि त्यावर कापून, दुहेरी धाग्यानं टाचलेली चित्रं, प्रत्येक मुठीहून मोठं. नान. चहाची वाटी. कुरुत, म्हणजे दह्याचे वाळवलेले पांढरे गोळे, ज्यांच्यासाठी सेझिम जीव टाकत असे. कोट. शेगडी. घोडा. हसरं तोंड. दुखतंय म्हणून सांगायला लाल ठिणगी. तिरकं दार. आणि एक विमान, कारण सेझिमची आई मॉस्कोला एका खानावळीच्या स्वयंपाकघरात राबत होती आणि वर्षातून एकदा विमानानं येत होती. आईचा चेहरा आपांना लोकरीत साधला नाही. तीनदा केला, तीनदा उसवला. "विमानच बरं," म्हणाल्या. "चेहरा चुकला तर पोरगी दुसऱ्याच बाईसाठी रडायची."

शेजारणी बघायला आल्या. एक म्हणाली, "अनारबूबू, नमद्यावर संडासाचं दार? आईनं तुला हेच शिकवलं?"

"तुला जायचं नसेल तर नको जाऊस," आपा म्हणाल्या आणि सुई ओढली.

एका चित्रावरून मात्र आपा आणि एजे यांचं जमेना. एजेंना 'नको' हवं होतं.

"नको कशाला?" आपा म्हणाल्या. "आमच्या घरात नको म्हणत नाहीत. कुणी नान पुढं केला तर पोट फुटेस्तोवर भरलेलं असलं तरी तुकडा मोडून तोंडात टाकतात. मोठ्यांनी सांगितलं तर मान खाली घालतात. मी माझ्या सासूला चाळीस वर्षांत एकदा नको म्हटलं नाही."

"मनात, आपा?"

"मनात रोज म्हटलं."

"तसं तिच्याही मनात आहे. तुमच्यासारखं गिळून टाकायचं की बोलायचं, हे तिला ठरवू दे ना."

आपांनी समोरची आपली चहाची वाटी संपवली आणि पालथी ठेवली. आमच्याकडे चहा ओतणारी थांबत नाही. वाटी रिकामी दिसली की भरतेच. बास झालं असं तोंडानं म्हणणं बरं दिसत नाही. वाटी पालथी घातली की सगळ्यांना कळतं, आणि कुणाचा मान जात नाही. आपा त्या पालथ्या वाटीकडे बघत राहिल्या आणि त्यांनी कात्री उचलली. माझ्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं सेझिमची मूठ सगळ्यात सहज पोचते तिथं, एक पांढरी पालथी वाटी बसली. माझ्या अंगावरचं ते शेवटचं चित्र. आज सांगतो, सगळ्यात मोलाचंही.

सेझिमच्या चाकांच्या खुर्चीला पुढं एक फळी होती. मला चार कोपऱ्यांच्या नाड्यांनी त्या फळीला बांधत. मूठ वर जायची, थोडी भरकटायची, पुन्हा वाट शोधायची आणि धप्प करून खाली यायची. त्याला वेळ लागायचा. चिनारा एजेंनी वर्गाला एकच नियम घातला होता : "विचारलं की थांबायचं." पोरं चुळबुळ करायची, खिडकीतून बघायची, एकमेकांना कोपरं मारायची, पण थांबायची. आणि धप्प झालं की सगळा वर्ग ओरडायचा, "कुरुत!"

मित्रांनो, तो माझा सुखाचा काळ. ऐन गणिताच्या तासाला सेझिम तिरक्या दारावर मूठ मारायची. एजे तिची खुर्ची ढकलत अंगणापलीकडे न्यायच्या. असं बरेच दिवस चाललं. मग एजेंच्या लक्षात आलं की पोरीला तिकडे काहीच करायचं नसतं. कुंपणापलीकडे घोडे चरत असतात, ते बघायचे असतात. त्यांनी आपांना सांगितलं. आपांनी दोन्ही हातांनी गुडघे बडवले. "खोटं बोलली! बायांनो, ऐकलंत का? माझी नात खोटं बोलली!" आणि दुपारभर घरोघरी सांगत हिंडल्या. ज्याला थाप मारता येते त्याला बोलता येतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

शाळेचे मुख्याध्यापक एसेनबेक आगाय, म्हणजे गुरुजी. मनानं चांगले, भाषणानं लांब. एकदा ते वर्गात येऊन स्वच्छतेवर बोलू लागले. नखांपासून सुरुवात करून ते गटारांपर्यंत आले होते, एवढ्यात धप्प झालं. सगळ्यांनी पाहिलं. पालथी वाटी. वर्ग असा हसला की शेगडीचं झाकण थरथरलं. आगाय लाल झाले, मग स्वतःही हसले. "बरं बाई," म्हणाले, "बास म्हणतेस तर बास." आणि खरंच गेले. एका लहान मुलीनं एका मोठ्या माणसाला नको म्हटलं आणि आभाळ कोसळलं नाही, हे त्या शाळेनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आगायना माझा अभिमान वाटू लागला आणि तिथूनच माझं नशीब फिरलं. रागावलेल्या माणसापासून वस्तू वाचते. अभिमान वाटणाऱ्यापासून तिला कोण वाचवणार?

तालुक्याला हातकामाचं प्रदर्शन भरलं होतं. आगाय मला तिथं घेऊन गेले. "दोनच दिवस," एजेंना म्हणाले. परीक्षकांनी मला उलटून पालटून पाहिलं, टाके मोजले, किनार वाखाणली. माझ्यावर मूठ ठेवून एक मुलगी बोलते, हे आगायनी सांगितलं तेव्हा त्यांनी माना डोलवल्या. पण तोवर पहिलं बक्षीस ठरलंच होतं, ते टाक्यांना.

परत आलो तो शाळेच्या मोठ्या दालनात. आमच्याकडे दारासमोरची भिंत मानाची. घरातली सगळ्यात चांगली वस्तू तिथं टांगतात, सगळ्यात थोर पाहुण्याला तिच्याखाली बसवतात. चांगला नमदा पायदळी येऊ नये, मुलांच्या हाती लागू नये, म्हणून उंच लावतात. गावात सगळे हेच करतात. म्हणून वाईट असं कुणी काहीच केलं नाही. आगाय स्वतः बाकावर चढले आणि माझ्या चारी कोपऱ्यांत त्यांनी खिळे ठोकले.

खाली गाव जमलं होतं. आपांना पांढरा रुमाल बांधून मानाच्या जागी बसवलं होतं. उभ्या जन्मात त्यांनी किती नमदे केले, ते विकले गेले, हुंड्यात गेले, झिजून गेले. शाळेच्या मानाच्या भिंतीवर त्यांचा नमदा पहिल्यांदा चढत होता. त्यांचे डोळे भरून आले होते.

चिनारा एजे हळूच म्हणाल्या, "आगाय, पण सेझिमला हा लागतो."

"अहो, तिला याचा फोटो काढून देऊ! चकचकीत. हा लाळेनं खराब होतोय. कलेची वस्तू आहे, एजे!"

एजेंनी आपांकडे पाहिलं. आपांचा तो चेहरा बघून त्या मागं सरल्या. वयानं एवढ्या मोठ्या बाईच्या मानाच्या घडीला नको कोण म्हणणार? आपाही मनात थोड्या अडखळल्या असतील. पण मुख्याध्यापक हातात हातोडा घेऊन उभे असताना आपल्याच कौतुकाला नको कसं म्हणायचं? मित्रांनो, त्या भरल्या दालनात नको म्हणायची सोय एकट्या सेझिमपाशी होती, आणि नेमकी ती सोयच भिंतीवर चढत होती.

तिनं मूठ आपटली. मी नव्हतो, तेव्हा ती उघड्या फळीवर आपटली. खट्ट असा आवाज झाला. पण टाळ्या चालू होत्या.

फोटो आला. वहीएवढा. त्यावर खिडकीचा उजेड असा चमकायचा की चित्रं दिसेनाशी व्हायची. त्यातला नान अक्रोडाएवढा, घोडा अक्रोडाएवढा, आणि सेझिमची एक मूठ पडली की चार चित्रं झाकली जायची. "नान? घोडा? कोट?" पोरं विचारायची. ती पुन्हा मारायची, पुन्हा चारच. पोरांनी अंदाज करायला सुरुवात केली. मग अंदाजच खरे मानायला लागली. मग विचारायचीच राहिली.

एजे आपांकडे गेल्या. "दुसरा नमदा करा ना, आपा."

"आता? बाहेर बर्फ पडलाय पोरी. ओला नमदा हिवाळ्यात वाळत नाही, गोठतो आणि तुटतो. शरद येऊ दे. करते."

"मग तो उतरवू या का?"

"मानाच्या भिंतीवरून?" आपा म्हणाल्या. एजेंनी पुन्हा विचारलं नाही.

सकाळी सेझिमची खुर्ची दारातून आत यायची आणि सगळ्यात आधी ती वर माझ्याकडे बघायची. तिथून वर्गाकडे वळेपर्यंत बघत राहायची. येणारेजाणारे म्हणायचे, "आजीच्या नमद्यावर किती जीव बघा पोरीचा!" मी वरून ऐकत होतो. मला लोकरीची जीभ दिलेली. खिळ्यांवर टांगलं की तीही मुकी.

ऐन थंडीत तिचा कान दुखू लागला. लाल ठिणगी माझ्या अंगावर होती, छताजवळ. ती ओरडू लागली. लोक म्हणाले, हट्टी झालीय. ती रात्रंदिवस ओरडली, जेवण थुंकली, कुरुत दिला तर फेकला. एक मैत्रीण तिचा रुमाल नीट करायला वाकली, तिला जोरात मूठ लागली आणि तिचा ओठ फुटला. त्या मुलीची आई शाळेत येऊन आगायना नको नको ते बोलली. पुढं कानातून पू आला तेव्हा सगळ्यांना कळलं. पण तोवर ओरडणारी मुलगी, मारणारी मुलगी, हे नाव पडलं होतं. आणि पडलेलं नाव कान बरा झाल्यानं उतरत नाही.

आगायनी चौकशी केली. शहरात अशा मुलांची निवासी शाळा होती. तिथं डॉक्टर होते, पायांना मालीश होती. आपांचे गुडघे आता खुर्ची ढकलू देत नव्हते. मॉस्कोहून सेझिमची आई फोनवर आपांना म्हणाली, "आई, तिचं तिथं बरं होईल गं. इथून मी काय करू शकते? तूच सांग." आपांनी काय सांगायचं? सगळे भल्याचंच बोलत होते. एकानंही वाईट चिंतलं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

निघायच्या दिवशी गाडी गल्लीत शिरेना, म्हणून सगळे शाळेच्या दालनातच जमले. मेजावर नान होता, कणकेचे तळलेले बोर्सोक होते. सेझिमला कोट चढवला, रुमाल बांधला, खुर्ची दाराजवळ ठेवली. अगदी माझ्यासमोर. आपा वाकल्या.

"शिंगरा माझ्या, जाशील ना तिथं? शहाणी ना तू?"

विचारलं की थांबायचं. नियम सगळ्या वर्गाला पाठ होता. चिनारा एजे एक पाऊल पुढंही आल्या. पण ड्रायव्हर दारातून म्हणत होता, घाटात बर्फ पडायला लागलंय, आटपा. गावातल्या सगळ्यात वयस्कर आजोबांनी खाकरून दोन्ही तळवे वर केले आणि वाटेचा आशीर्वाद सुरू केला : "पोरी, तुझी वाट पांढरीशुभ्र असो, तुझ्या वाटेत चांगली माणसं येवोत..."

सगळ्यांचे तळवे वर झाले. आणि त्या तळव्यांमध्ये सेझिमचेही दोन्ही हात वर आले. भरकटत, थरथरत, वाट शोधत. कोट आवळत होता तरी खांद्यातून ताणून तिनं ते माझ्याकडे वर उचलले.

"अगं बघा!" कुणीतरी म्हणालं. "पोरगी आशीर्वाद घेतेय!"

"ओमीन!" तथास्तु म्हणावं तसं सगळं दालन म्हणालं आणि सगळ्यांचे तळवे तोंडावरून खाली उतरले. बायका रडू लागल्या. आपा रडता रडता हसल्या. "बघितलंत? समजतं तिला. सगळं समजतं. तयार आहे ती."

सगळ्यांचे हात खाली आले होते. तिचे वरच राहिले. हात तसेच वर असताना त्यांनी खुर्ची वळवली, दाराबाहेर नेली. तिची मान मागं वळता येईल तेवढी वळली होती. मग दार बंद झालं, कारण थंडी आत येत होती.

त्यानंतर मी बरेच दिवस पाहुण्यांना आवडलो.

वसंत आला. नव्या वर्षाच्या, नोरूझच्या सणाला सगळं गाव शाळेत जमलं. गव्हाच्या कोंबांची खीर रात्रभर ढवळून झाली होती. आपांना नेहमीसारखी मानाची जागा काढून ठेवली होती, माझ्याखाली. तिथं बसणाऱ्याची पाठ माझ्याकडे असते. आता ध्यानात घ्या मित्रांनो, ज्या दिवशी मी भिंतीवर चढलो त्या दिवसापासून आपांनी मला समोरून असं पाहिलंच नव्हतं. पण त्या दिवशी गुडघे इतके ठणकत होते की त्या दारापाशीच एका बाकावर टेकल्या. सेझिमची खुर्ची उभी होती तिथं.

आजोबांनी तळवे वर केले. आशीर्वाद सुरू झाला. आपांनीही हात वर केले आणि सहज आपल्या तळव्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्या, चिरा पडलेल्या, उघड्या तळव्यांकडे. मग इकडे तिकडे बघितलं. सगळे तळवे उघडे. आशीर्वाद झेलायचा तर तळवे उघडेच लागतात. मिटलेल्या मुठीत तो पडणार कुठं?

"ओमीन," दालन म्हणालं. आपांनी म्हटलं नाही. त्यांचे हात तसेच वर राहिले होते. त्यांनी हळूहळू आपल्या मुठी वळल्या, एक डोळा मिटला आणि त्या मुठींच्या रोखानं वर बघितलं. समोर मी होतो. माझ्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पांढरी पालथी वाटी होती, बाकी सगळ्या चित्रांहून झिजलेली.

"चिनारा," आपा म्हणाल्या. आवाज इतका कोरडा होता की खीर वाढणारी बाई थांबली. "त्या दिवशी तिचं ते ओमीन नव्हतं गं."

एजेंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांनी ओढणीत तोंड दाबलं.

आपा उठल्या. "बाक आण इकडे. पक्कड कुणाकडे आहे?"

आगाय लगबगीनं आले. "आपा, आपा, काय करताय? सण आहे. बक्षिसाचा नमदा आहे तो. पाहुणे येतील, भिंत उघडी दिसेल!"

"दिसू दे."

"लोक विचारतील..."

"विचारलं तर सांगा, इथं एका पोरीची जीभ टांगली होती. तिच्या आजीनं टांगू दिली." मग त्यांचा आवाज खाली आला. "एसेनबेक, तुला नाही रे बोलत. तू खिळे ठोकलेस, मी खाली बसून हसत होते."

बाकावर एजे चढल्या. खिळे खोल बसले होते आणि एजे घाईनं ओढत होत्या, म्हणून चारी कोपऱ्यांत मी फाटलो. शेवटचा खिळा निघेना, तेव्हा आगायनीच पक्कड घेतली.

आपा आणि एजे मला घेऊन गेल्या ती शहरातली शाळा वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. फरशी धुतलेली होती, खिडकीत रोपं होती. तिथल्या मावशी हसऱ्या होत्या. "फार गुणी मुलगी हो तुमची," त्या आपांना म्हणाल्या. "आली तेव्हा ओरडायची. आता एकदम शांत. काही म्हणजे काही मागत नाही."

आपांनी खाली बघितलं. एजेंनी मला सेझिमच्या मांडीवर पसरलं. ती वाळली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहत राहिली.

"शिंगरा," आपा म्हणाल्या, "तुला इथं राहायचंय?"

मूठ हलली नाही.

"राहायचंय की तिला," मावशी प्रेमानं म्हणाल्या. "इथं आवडतं ना गं तुला?"

"बाई, तुम्हाला नाही विचारलं," आपा म्हणाल्या. "थांबा जरा."

आम्ही थांबलो. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत भिंतीला लागलं. कुठेतरी जेवणाची घंटा झाली, मुलं गेली, परत आली. मावशी दोनदा काही बोलायला निघाल्या आणि राहिल्या. मला वाटलं, झालं. लोकर एकदा गोठून तुटली की पुन्हा सांधत नाही. माणसाचंही तसंच असेल.

मग तिची नजर खाली आली. आधी विमानावर. तिथून कोपऱ्यात. मूठ वर गेली, भरकटली, मध्येच थकून खाली आली, पुन्हा वर गेली.

धप्प.

"ऐकलं," आपा म्हणाल्या. त्यांनी आपलं कपाळ माझ्यावर, त्या पालथ्या वाटीवर, तिच्या मुठीशेजारी टेकवलं. "ऐकलं गं. उशिरा ऐकलं."

त्या तिला घरी घेऊन आल्या. गोड शेवट इथं करता आला असता, पण मी जुना झालो आहे आणि मला थापा मारता येत नाहीत. थापा मारायची ती सेझिम होती. ती परत आली नाही. आलेली सेझिम नान मागते, कोट मागते, दुखलं तर ठिणगी दाखवते. तिरक्या दारावर मूठ मारते ती खरंच जायचं असतं तेव्हाच. घोडे अजून कुंपणापलीकडे चरतात. एजे अधूनमधून तिला उगीचच तिकडे नेतात, वाट बघतात. माझ्या अंगावरच्या हसऱ्या तोंडाची लव अजून नव्यासारखी उभी आहे, आणि चांगल्या राहिलेल्या लोकरीचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या शरदात आपांनी शाळेसाठी आणखी नमदे केले; दुसरी मुलं होतीच, त्यांच्याकडे आधी कुणाचं लक्ष नव्हतं. प्रत्येकावर पहिलं चित्र पालथ्या वाटीचं. माझी कड त्यांनी शिवली, किनार बदलली. भोकं मात्र बुजवली नाहीत. एजे म्हणाल्या, "आपा, चार टाक्यांचं तर काम."

"राहू दे," आपा म्हणाल्या. "बघितलं की आठवेल."

आता आपा नाहीत. मी अजून आहे, सेझिमच्या मांडीवर, नाड्यांनी बांधलेला. ती मोठी झाली आहे. कपाळावरच्या आठ्या थेट आपांच्या.

मित्रांनो, माझं तुमच्यापाशी मागणं फार मोठं नाही. तुमच्याही वर्गात असं कुणीतरी असेल, ज्याचं बोलणं जिभेवर नसतं. एखाद्या पाटीत असतं, चित्रात असतं, डोळ्यांत असतं. ती वस्तू मळली तर मळू द्या, झिजली तर झिजू द्या. जपायची म्हणून कपाटात ठेवू नका, शोभा म्हणून भिंतीवर लावू नका. आणि त्याला काही विचारलंत, तर आपणच उत्तर देऊन निघून जाऊ नका. थांबा. मूठ वर यायला वेळ लागतो.